पक्की पावती

फादरांनी चादर खिडकीकडे धरली आणि तिच्यातून आरपार अक्कलकोट रोडवरचा ट्रक पाहिला. मग तिची घडी करून आमच्या वजनकाट्यावर ठेवली. काटा बघून ते मालकांना म्हणाले, "ही तुम्ही घरात पांघरता का?"

गोष्ट १९९३ च्या ऑक्टोबरमधली. मी सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात हिशेबनीस होतो. लोक अकाउंटंट साहेब म्हणायचे, पगार मात्र हिशेबनिसाचा. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले असताना, आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली. सकाळी कळलं की शंभरेक किलोमीटरवर किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं स्वतःच्याच दगडामातीच्या भिंतींखाली गाडली गेलीत. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जखमींच्या गाड्या सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलकडे धावू लागल्या. आणि सगळ्या महाराष्ट्राला एकदम चादरी हव्या झाल्या.

आमच्या धंद्यात एक वेगळा जिन्नस असे. त्याला आम्ही आपसात 'दानाचा माल' म्हणायचो. उरलंसुरलं सूत, विरळ वीण, पहिल्या धुण्यात जाणारा रंग. घडी घालून ठेवली की मात्र खऱ्या चादरीसारखी दिसायची. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, अनाथाश्रमाला, लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांना हाच माल जायचा. देणाऱ्याला नग मोजायचे असतात आणि फोटो काढायचा असतो. घेणारा तक्रार घेऊन कारखान्यावर येत नाही. त्या पंधरवड्यात रात्रपाळी लावून आमच्याकडे हाच माल निघत होता. मालक वाईट माणूस नव्हते. बाजार मागेल ते विणायचं, एवढाच त्यांचा धर्म.

"दानासाठी सगळे हीच नेतात, फादर," मालक म्हणाले.

"मला घरातली दाखवा."

मग तासभर घासाघीस. पांढरा झगा घातलेला माणूस इतका चिवट भाव करतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्याजवळच्या पैशांत दानाच्या मालाच्या ४०० चादरी आल्या असत्या. घरातल्या चादरी आल्या २३०. मी टेबलावरून न राहवून बोललो, "फादर, १७० माणसं उघड्यावर राहतील की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गणित बरोबर आहे तुमचं. त्या १७० चं मी बघतो." डिसेंबरात ते परत आले आणि मोजून १७० चादरी घेऊन गेले. तो आकडा मी विसरलो होतो, ते विसरले नव्हते.

जाताना पावती मागितली. पक्की, नग, वजन, दर लिहून. वर पाठवावी लागते म्हणाले. वर म्हणजे कुठे, मी विचारलं. "पुण्याला, तिथून दिल्लीला, तिथून जिथून पैसे आले तिथे. जर्मनीतल्या एखाद्या आजीनं रविवारी चर्चच्या पेटीत टाकलेले असतील. तिला कधी वाटलं, माझ्या पैशांचं काय झालं, तर कागद असायला हवा."

पावती इन्कम टॅक्सवाल्यासाठी असते, अशी तोवर माझी समजूत होती.

*

आमच्या घरात एक डबा होता. तेलाचा, पत्र्याचा, चौकोनी. त्यावर हातात हात मिळवल्याचं चित्र, मागे तारे आणि पट्टे. १९७२ च्या दुष्काळात तो मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या गावी आला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडील खडी फोडायच्या कामावर, आई पाझर तलावाच्या मातीवर. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, मालदांडीचं माहेर. आणि त्या मातीतले आम्ही रेशनची अमेरिकन मिलो खात होतो. लालसर, बेचव. भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरायची. आई पिठाला शिव्या घालत घालत थापायची. कामावर सुकडी मिळायची, ती मात्र गोड लागायची. मोठा भाऊ ती खिशात घालून आणायचा आणि खिशातल्या मळासकट आम्ही खायचो.

तो डबा कुणी दिला, कुठल्या गाडीतून आला, आईला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "कुनी तरी वाटत हुतं, मी बी हात म्होरं केला," एवढंच.

पुढच्या वर्षी आम्ही सोलापुरात जगायला आलो. 'जगायला जाणं' हा आमच्या भागातला शब्द आहे. गावात पाऊस नसला की माणूस जगायला जातो, म्हणजे गावात असतो तेव्हा तो काय करत असतो, हे कुणी विचारत नाही. एक वळकटी, जातं आणि तो डबा, एवढ्यावर आम्ही मिलच्या भोंग्याच्या टप्प्यात एका खोलीत राहिलो. डब्यात ज्वारी असायची. पाचवीला इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी त्यावरची अक्षरं एकेक जुळवत वाचली. अमेरिकेच्या जनतेनं दिलेलं आहे, विकू नये, बदलून घेऊ नये, असं काहीसं होतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "इकलं न्हाई की आपन."

खूप उशिरा, या विषयावर मिळेल ते वाचायला लागल्यावर, डब्याची कुळी थोडीफार लागली. पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदतीच्या कायद्याच्या काळात अमेरिकेचं धान्य, तेल, दूध पावडर भारतातल्या गरिबांपर्यंत पोचवणाऱ्या संस्थांत केअर होती, तशी कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसही होती. ही दुसरी संस्था अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९४३ साली, महायुद्धानं घरादाराला मुकलेल्यांसाठी काढली आणि १९४६ पासून ती भारतात आहे. आमचा डबा तिचा, केअरचा की आणखी कुणाचा, कसं ठरवणार? पावती नाही.

मदतीचं सगळंच गोड नसतं, हे मिलो खाल्लेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. परदेशातून आलेल्या धान्यातून गाजर गवताचं बी आलं असं मानतात. पन्नाशीच्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि मग सगळ्या देशाच्या बांधांवर गेलं. त्याला लोकांनी काँग्रेस गवत असं नाव ठेवलं, ते एक वेगळंच. आमच्या गावच्या पडीक तुकड्यात अजून ते कमरेएवढं वाढतं. भुकेच्या वेळी पोतं पाठवणारा पोत्यात काय काय पाठवतो, ते त्यालाही माहीत नसतं.

मात्र देणाऱ्यांतही शिकणारे असतात. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगरला फादर हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातले धर्मगुरू, होते. दुष्काळात खडी फोडून घ्यायची आणि धान्य द्यायचं, पुढच्या दुष्काळात पुन्हा तीच खडी, या चक्राचा त्यांना वीट आला. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं आणि ते गावानं मिळून करायचं, या पाणलोटाच्या कामात त्यांनी आयुष्य घातलं. १९९३ साली 'वॉटर' ही संस्था उभी राहिली ती त्यांच्या आणि फादर क्रिस्पिनो लोबोंच्या पुढाकारानं. आज पाणलोट हा शब्द सरकारी फायलीत इतका गुळगुळीत झालाय की त्यामागे कुणाचा वैताग होता, हे लक्षातच येत नाही. आफ्रिकेत कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसनं २००० च्या सुमारास बियाण्यांचे बाजार भरवायला सुरुवात केली. दुष्काळातून सावरणाऱ्या शेतकऱ्याला परदेशी बियाण्याची पिशवी द्यायची नाही, कुपन द्यायचं. त्यानं आपल्याच भागातल्या दुसऱ्या शेतकऱ्याकडून हवं ते वाण घ्यायचं. हे वाचलं तेव्हा मला आईची चिरणारी भाकरी आठवली. १९७२ ला कुणी तिच्या हातात कुपन दिलं असतं तर तिनं काय आणलं असतं? दुष्काळात मालदांडी होती तरी कुठे, हा प्रश्न आहेच.

*

आमचे दाजी म्हणजे बहिणीचे यजमान. माणूस लाखमोलाचा, मतं रोखठोक. दरवर्षी मी चर्चच्या कचेरीत कॅरिटास या कॅथलिक मदतसंस्थेसाठी पाकीट देऊन येतो हे त्यांना कळलं तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "काय ओ पाव्हणं, मिशनऱ्यास्नी पैसं द्यायलाव म्हणं? आपल्यात गरीब संपलं काय?"

या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

दुसरा आधी घेतो, कारण तो सोपा वाटतो आणि नाही. आपल्यात गरीब संपले नाहीत. पण 'आपल्यात' म्हणजे कुणात? सोलापूरचा पूर्वभाग तेलंगणातून पोटासाठी आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसवला. मिल चालवली ती खेड्यांतून आलेल्या आमच्यासारख्यांनी. या शहरात 'आम्ही मूळचे इथले' असं ठासून म्हणणारा माणूस तीन पिढ्या मागं गेला की बहुतेक वेळा कुठल्यातरी एसटीतून किंवा बैलगाडीतून उतरताना सापडतो. आणि याच शहरानं डॉ. द्वारकानाथ कोटणीस दिले. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांतले एक. जपानी हल्ल्यात होरपळलेल्या चिनी जखमींवर शस्त्रक्रिया करत १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून जाताना कुणी म्हणत नाही की सोलापुरात रोगी संपले होते काय.

कोटणीसांबरोबर मला हल्ली दुसरा एक माणूस आठवतो. पेद्रो अरुपे. स्पेनमधला बास्क, वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडून जेझुइट झालेला. १९३२ मध्ये स्पेनच्या सरकारनं जेझुइटांना देशाबाहेर घालवलं, त्यात हाही गेला. पुढे जपानला पोचला. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो शहराच्या कडेला असलेल्या जेझुइटांच्या मठात होता. मठाचं त्यानं इस्पितळ केलं, दीडशेच्या आसपास भाजलेली माणसं आत घेतली आणि अर्धवट शिकलेल्या वैद्यकीवर त्यांची सेवा केली. कोटणीस जपानी बंदुकांनी पाडलेल्यांना शिवत होते, अरुपे जपान्यांच्याच जखमा धूत होता. दोघांची भेट होणं शक्य नव्हतं. पुढे अरुपे सगळ्या जेझुइटांचा प्रमुख झाला आणि व्हिएतनाममधून होड्यांत बसून समुद्रात पळालेल्या माणसांची हकिगत ऐकून त्यानं १९८० च्या नोव्हेंबरात जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस सुरू केली. देशाबाहेर घालवलेला माणूसच असं काही काढतो, असं मला वाटतं. कदाचित हे माझं भाबडेपण असेल.

आपल्याकडेही दूरचे लोक येऊन राहून गेलेत. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात १९४३ पासून ४८ पर्यंत पाचेक हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते इकडे आले. पंचगंगेच्या काठी त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. त्यांच्यातली मुलं म्हातारी होईपर्यंत कोल्हापूरची आठवण काढत आणि पोलंडच्या राजधानीत वळिवड्याचं नाव कोरलेलं स्मारक उभं आहे. अमेरिकेतल्या बिशपांनी आपली संस्था काढली तेही १९४३ साल आणि तिच्या सुरुवातीच्या कामांत मेक्सिकोत पोचलेल्या अशाच पोलिश निर्वासितांची सोय होती. एका घराचे तुकडे मेक्सिकोला आणि वळिवड्याला. मराठीत 'देशोधडीला लागणं' म्हणतात, ते हेच.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेनं २०२४ च्या अखेरीस जगभर बळानं घर सुटलेल्या माणसांचा आकडा दिला, १२ कोटी ३२ लाख. मला मोठे आकडे कळत नाहीत. आयुष्य लाखांतच गेलं. म्हणून २०११ ची जनगणना काढून बघितली. अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकूण एक घराला कुलूप लावायचं आणि तरी ती ओळ पुरी होत नाही.

आता दाजींचा पहिला प्रश्न. मिशनरी. मी त्यांना म्हटलं नाही की असं कधीच झालं नाही. गेल्या दोन शतकांतल्या दुष्काळांत नगरकडे कितीतरी माणसं ख्रिस्ती झाली. त्यात धान्याचा वाटा किती आणि गावकुसाबाहेर ठेवणाऱ्या आपल्या वागण्याचा किती, याची खतावणी आपल्याला मानवणार नाही. चर्चबद्दल माझे स्वतःचे प्रश्न आहेतच. मुलांवरचे अत्याचार वर्षानुवर्षं झाकून ठेवल्याच्या बातम्या मीही वाचल्यात. चर्चच्या बाकावरही जात बसलेली असते, हे मला तिथल्याच माणसांनी सांगितलंय. पण मदतीपुरतं बोलायचं तर १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि इतर मोठ्या संस्थांनी एक आचारसंहिता केली. मदत गरज बघून द्यायची, धर्म बघून नाही, आणि कुठलंही धार्मिक किंवा राजकीय मत पुढे रेटायला ती वापरायची नाही. ती पुढे आणणाऱ्यांत कॅरिटास इंटरनॅशनॅलिस आणि कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही नावं आहेत. लिहिलेलं पाळलंच जातं असं नाही. पण लिहिलेलं असलं की विचारता येतं. हिशेबनिसाला एवढं पुरतं.

"आणि दुसरीकडं दिलं तर विचारता येत न्हाई व्हय?" दाजी म्हणाले. नाही आलं. २०१९ च्या महापुरात सांगलीकडे पाठवायला म्हणून मी एका मंडळाला चांगली रक्कम दिली होती. ट्रकला फ्लेक्स लागला, नारळ फुटला. महिनाभरानं मी नुसतं विचारलं, ट्रक कुठल्या गावाला गेला? अध्यक्षांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी त्यांच्या आईवरूनच काही बोललो. दाजी त्या मंडळाचे सल्लागार होते. विषय तिथेच थांबला आणि बहिणीनं दोघांच्या ताटात शेंगाचटणी वाढली.

*

कॅरिटासचं काम कसं चालतं ते मी फादरांकडून, तुकड्या तुकड्यांत समजून घेतलं. जुने फादर बदलून गेले, आता वसईकडचे एक तरुण फादर आहेत. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. कॅरिटास नावाची पहिली संस्था जर्मनीत १८९७ साली निघाली. मग देशोदेशी निघाल्या, १९५१ मध्ये त्यांचा संघ रोममध्ये झाला. आज त्यात १६० हून जास्त संस्था आहेत. भारतातली १९६२ ची. मला त्यातली एक गोष्ट पटली. प्रत्येक देशात तिथलीच माणसं काम करतात. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले तेव्हा कॉक्स बाजारच्या छावण्यांत उभी राहिली ती कॅरिटास बांगलादेश. गाझात कॅरिटास जेरुसलेम. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या एका चर्चच्या आवारात आसरा घेतलेल्यांवर बॉम्ब पडला, त्यात तिची एक २६ वर्षांची कर्मचारी नवरा आणि तान्ह्या मुलीसकट गेली. मदत वाटणारी मदत घेणाऱ्यांत राहत होती. वेगळा तंबू नव्हता.

माझं पाकीट गाझाला जात नाही, हेही सांगून टाकतो. ते भारतातच फिरतं. पण अशाच पेट्यांतून देशोदेशीचे पैसे बाहेर जातात. जर्मनीत मिसेरिओर नावाची संस्था आहे, १९५८ पासूनची. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात ती भूक आणि रोगराईविरुद्ध पैसे गोळा करते. अमेरिकेत १९७५ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाऊन गावी आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी एक कागदी खोकं निघालं. राखेच्या बुधवारी, म्हणजे त्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ते घरी न्यायचं, चाळीस दिवस साधं जेवायचं आणि वाचलेले पैसे त्यात टाकायचे. ते आता तिथे देशभर चालतं. पाऊण हिस्सा परदेशात जातो, पाव हिस्सा आपल्याच भागातल्या गरिबांना राहतो. तरुण फादर हे मोठ्या कौतुकानं सांगत होते. मी म्हटलं, फादर, हा तर मुष्टिफंड. कर्मवीर भाऊरावांनी रयतची वसतिगृहं बायकांनी दळणातून बाजूला काढलेल्या मुठीमुठीवर चालवली. त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारच्या प्रवचनात ते आलं असणार.

मीही दोन वर्षं तो चाळीस दिवसांचा नेम केला. ते लोक मांस सोडतात. मी लिंगायत, जन्माचा शाकाहारी, मी काय सोडणार? डिस्को भजी सोडली. सोलापूरबाहेरच्या वाचकाला या त्यागाचं वजन कळणार नाही.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सरकारनं परदेशी मदत एका सहीनं थांबवली, तेव्हा कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसचा जवळपास निम्मा पैसा सरकारातून यायचा हे मला कळलं. माणसं कमी करावी लागली, कामं बंद पडली. हातात हात मिळवलेलं ते चित्र आता कुठल्या डब्यावर येणार नाही बहुधा. बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगितलं तर दाजी हसतील.

*

आमच्या मंगळवेढ्याला दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही माझ्या धंद्यातल्या आहेत. बसवेश्वर तिथे बिज्जळाच्या खजिन्यात हिशेबनीस होते. दासोह, म्हणजे कष्टातलं वाटून टाकणं, हा शब्द त्यांच्या परंपरेतला. राजाकडे चुगली गेली की हा खजिन्यातून जंगमांना जेवू घालतो. राजानं मोजणी लावली. पै न् पै भरली. दुसरी दामाजीपंतांची. दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं त्यांनी भुकेल्यांना उघडून दिली. पुढची कथा कीर्तनात सगळे रंगवून सांगतात, विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला आणि मोहरा भरून आला. पण आमचे आजोबा शेवट नेमका सांगायचे. पैसे भरून देव तसाच निघाला नाही. त्यानं पावती घेतली आणि ती दामाजीच्या पोथीत आणून ठेवली.

आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पावतीचं त्यांना भारी अप्रूप.

*

गेल्या सप्टेंबरात सीना नदीनं माढा, मोहोळकडची गावं पाण्याखाली घेतली. ज्या मुलखात आम्ही पाण्यासाठी हात जोडले तिथे माणसं पत्र्यांवर चढून बसली. पाणी ओसरल्यावर फादरांचा फोन आला. साठ चादरी हव्या होत्या. "तुम्ही त्या लाइनीत होता ना काका? मला त्यातलं कळत नाही."

मी निवृत्त होऊन दोन वर्षं झालीत. जुन्या कारखान्यात गेलो तर तिथे आता फक्त टॉवेल. चादर परवडत नाही म्हणाले. बाजारात हिंडलो. दुकानांत पानिपतची मऊ मऊ ब्लँकेटं, वाघाचं नाहीतर गुलाबाचं चित्र. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेली पानिपतची ब्लँकेटं एके काळी जगभरच्या छावण्यांत जात. दानाच्या मालातही त्यांनी आमच्यावर मात केलेली. पानिपतावर मराठी माणूस दुसऱ्यांदा हरला तो असा, फारसा आवाज न होता.

शेवटी पूर्वभागात, साखर पेठेच्या मागच्या बोळात, एका घरात दोन माग चालू सापडले. खाली माग, वर बिऱ्हाड. विणकर माझ्याच वयाचे, कानात सूत अडकलेलं. त्यांनी आधी एक चादर दाखवली. मी ती दारातल्या उजेडाकडे धरली.

"दानाला पायजे काय ओ? मग ही बगा, स्वस्तात पडंल."

"घरातली दाखवा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत जाऊन दुसरी घेऊन आले. काटा नव्हता. पलीकडच्या किराणा दुकानातून मागून आणला. भाव करायला अर्धा तास गेला. फादरांचा भाव करण्याचा वकूब मला कधी आला नाही. साठ चादरी चर्चच्या नावावर, नग, वजन, दर, पक्की पावती. मग खिशात हात घातला आणि म्हटलं, याच भावानं आणखी अकरा बांधा, ह्याचे पैसे माझे.

त्यांनी पावतीपुस्तकात कार्बन सरळ केला. माग थांबले होते, वरच्या मजल्यावर कुणीतरी तेलुगूत पोरावर ओरडत होतं.

"ह्या अकराची पावती कुणाच्या नावानं फाडू?"

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या नावानं पावत्या फाडल्या. आईचं नाव ओठावर आलं होतं. पण ती असती तर म्हणाली असती, माजं काय काम तिथं.

"नावाच्या जागी रोख लिहा," म्हटलं.